सह्याद्रीतील गोड्या पाण्याचे मासे : नाव, स्थान आणि संरक्षण

प्रास्ताविक

दख्खनच्या इतिहासात सह्याद्रीचा उल्लेख येतो तो बहुधा घाटवाटा, किल्ले आणि पर्जन्यमान यांच्या संदर्भात. ह्या पर्वतातून उगम पावणाऱ्या नद्यांतील मासे हा प्राणिशास्त्राचा विषय मानला जातो आणि इतिहासाचा अभ्यासक तिकडे सहसा वळत नाही. तथापि ह्या माशांविषयीचे ज्ञान कोणी व कसे जमविले, त्यांना नावे कशी मिळाली, आणि त्या नावांच्या आधारे पुढे कोणते निर्णय घेतले गेले, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत. प्रस्तुत लेखात गेल्या सुमारे दोनशे वर्षांतील ह्या ज्ञानाचा मागोवा घेतला आहे. त्यातून निष्पन्न होणारा मुद्दा एकच आहे : सह्याद्रीत माशाचे संरक्षण त्याच्या अचूक नावावर आणि त्याच्या मूळ पाण्यावर अवलंबून राहिले आहे. ह्या दोहोंपैकी एकाचा जरी विसर पडला तरी सद्‌हेतूने केलेल्या प्रयत्नांतूनही हानी झालेली आहे.

प्रदेश आणि त्याची वैशिष्ट्ये

तापीच्या दक्षिणेपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे १६०० किलोमीटर पसरलेली ही पर्वतरांग भारतीय द्वीपकल्पाचा मुख्य जलविभाजक होय. पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड व वेगवान आहेत; सावित्री, वासिष्ठी, वैतरणा ह्या नद्या अल्प अंतरात समुद्रास मिळतात. पूर्वेकडील नद्या मात्र डोंगरातील प्रवाह सोडल्यावर पठारावरून संथपणे शेकडो कोस जातात. गोदावरी, भीमा, कृष्णा आणि दक्षिणेस कावेरी ह्या सर्व नद्यांचे उगम ह्याच पर्वतात आहेत. एका खोऱ्यातला मासा जमिनीवरून दुसऱ्या खोऱ्यात जाऊ शकत नाही. त्यामुळे प्रत्येक नदी ही त्याच्या दृष्टीने एक स्वतंत्र बेटच ठरते. दीर्घकाळ वेगळे राहिल्यामुळे अनेक खोऱ्यांत स्वतंत्र जाती निर्माण झाल्या.

डोंगरातील प्रवाहाच्या वेगाशी जुळवून घेण्यासाठी काही माशांची शरीररचना बदललेली आढळते. दख्खनमध्ये मळ्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या माशाच्या मुखामागे चकतीसारखा अवयव असतो व त्याच्या साहाय्याने तो खडकास चिकटून राहतो. काही बिनखवल्यांच्या माशांच्या छातीवरील कातडीस वळ्या असतात. त्यांचे कार्य हेच. असे मासे स्वच्छ, वाहत्या आणि प्राणवायूने समृद्ध पाण्याखेरीज अन्यत्र तग धरू शकत नाहीत. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरते.

आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या वतीने २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पश्चिम घाटातील गोड्या पाण्याच्या माशांच्या २९० जाती विचारात घेण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत, आणि एकतृतीयांशाच्या आसपास जातींचे अस्तित्व कमीअधिक प्रमाणात धोक्यात आलेले आहे. हे आकडे लक्षणीय आहेत खरे. परंतु त्यांच्या मागे असलेली नावांची परंपरा पाहिल्याशिवाय त्यांचा अर्थ पुरता लागत नाही.

साइक्स आणि मराठी नावे

सह्याद्रीच्या उत्तर भागातील माशांचा पहिला पद्धतशीर अभ्यास विल्यम हेन्री साइक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याने केला. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई सरकारने १८२४ मध्ये त्यांची दख्खनच्या सांख्यिकी पाहणीवर नेमणूक केली. जमीनमहसूल, लोकसंख्या, पिके व हवामान ह्यांची माहिती गोळा करता करता त्यांनी पशुपक्षी व मासे ह्यांच्याही नोंदी केल्या. १८३१ मध्ये ते स्वदेशी परतले. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८ मध्ये वाचला गेला, त्याचा संक्षेप १८३९ मध्ये आणि सचित्र विस्तृत स्वरूप १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

साइक्स ह्यांच्या पद्धतीतील एक विशेष असा की, मासा कोठे मिळाला हे त्यांनी नोंदविले व स्थानिक लोक त्यास काय म्हणतात हेही टिपले. मुळा-मुठेचे पुण्याजवळील पात्र, शिरूरजवळची घोडनदी, इंद्रायणी आणि भीमा ही त्यांची संग्रहस्थाने होत. एवढ्यावरच न थांबता त्यांनी अनेक मराठी नावे थेट शास्त्रीय नावांत घातली. खुद्री, मुसुल्ला, कोलस, नुक्ता, पोटैल, मळ्या, टाकरी, अळकुटी, शिंगाळा ही नावे रोमन लिपीत थोडीफार बदलून का होईना, जगाच्या प्राणिशास्त्रात कायमची नोंदली गेली. ‘रोहटी’ हे तर त्यांनी एका संपूर्ण प्रजातीचे नाव म्हणून योजले. भीमेच्या काठी जाळे टाकणाऱ्या कोळ्यांचे व भोयांचे ज्ञान अशा रीतीने शास्त्रात आले. मात्र ते सांगणाऱ्या व्यक्तींची नावे निबंधात आली नाहीत. त्या काळच्या पाहणीच्या कामाचे हे सर्वसाधारण लक्षण होय.

साइक्स ह्यांच्या कार्यात एक मोठी उणीव मात्र राहिली. त्यांची वर्णने त्रोटक होती, आणि बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कोणत्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. मूळ नमुना नसला म्हणजे नाव कोणत्या माशाचे, हे ठरविण्यास केवळ वर्णन, चित्र व स्थान एवढाच आधार उरतो. पुढील अभ्यासकांपैकी ज्यांनी साइक्स ह्यांच्या स्थाननिर्देशाकडे लक्ष दिले त्यांचे निष्कर्ष टिकले; ज्यांनी दिले नाही त्यांच्या हातून घोटाळे झाले.

डे ह्यांच्यापासून होरा ह्यांच्यापर्यंत

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस डे ह्यांनी संपूर्ण हिंदुस्थानच्या माशांचा अभ्यास हाती घेतला. मद्रासच्या लष्करी वैद्यकीय सेवेतील हे गृहस्थ पुढे सरकारचे मत्स्यव्यवसाय निरीक्षक झाले. ‘हिंदुस्थानचे मासे’ हा त्यांचा बृहद्‌ग्रंथ १८७५ ते १८७८ ह्या काळात भागशः प्रसिद्ध झाला. त्याआधी १८७३ मध्ये सादर केलेल्या अहवालात त्यांनी गोड्या पाण्याच्या माशांच्या नाशाकडे सरकारचे लक्ष वेधले होते. बारीक जाळी आणि विणीच्या काळातील मासेमारी ही त्यांनी दाखविलेली कारणे होत. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग लावून वा विष कालवून मासे मारण्यास बंदी केली. ह्या कायद्याची दृष्टी मुख्यतः उत्पन्नाची होती. मासा हे अन्न व महसुलाचे साधन म्हणून टिकावे, हा त्याचा हेतू. कोणती जात कोणत्या नदीची, हा प्रश्न त्यात उद्‌भवत नव्हता.

१९१६ मध्ये भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था स्थापन झाली. तिचे पहिले संचालक नेल्सन अॅनन्डेल ह्यांनी १९१९ मध्ये सातारा व पुणे जिल्ह्यांतील लहान ओढ्यांच्या माशांवर लेख लिहिला. मोठ्या नद्यांऐवजी डोंगरातील ओढे त्यांनी निवडले, हे विशेष. खंडाळ्याच्या परिसरातील एका लहान माशाचे त्यांनी केलेले वर्णन पुढे एका स्वतंत्र प्रजातीचा पाया ठरले.

ही प्रजाती १९२१ मध्ये प्रस्थापित करणारे सुंदरलाल होरा हे भारतीय मत्स्यशास्त्राच्या इतिहासातील अग्रगण्य अभ्यासक होत. वेगवान प्रवाहातील प्राण्यांच्या शरीररचनेवर त्यांनी मूलगामी संशोधन केले. सह्याद्रीतील काही मासे पूर्व हिमालयातील व मलाया द्वीपकल्पातील माशांशी निकटचे नाते दाखवितात. मधल्या विस्तीर्ण प्रदेशात मात्र त्यांचा मागमूस नाही. ह्याचा उलगडा करण्यासाठी १९४० च्या दशकात त्यांनी ‘सातपुडा सिद्धांत’ मांडला. एके काळी विंध्य-सातपुड्याच्या रांगा अधिक उंच व अधिक आर्द्र असून त्या मार्गाने हे मासे पूर्वेकडून पश्चिमेकडे आले, असे त्याचे सार आहे. १९४९ मध्ये ह्या विषयावर परिसंवादही झाला. पुढील काळात भूशास्त्रीय पुराव्याच्या अभावी आणि अलीकडे आनुवंशिक पुराव्यांच्या प्रकाशात ह्या सिद्धांतावर बरीच टीका झाली. त्याचे आजचे मोल त्याच्या उत्तरापेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नात आहे : कोणता मासा कोठे आढळतो आणि तेथेच का आढळतो.

पुण्याच्या नद्यांच्या याद्या

एकाच ठिकाणच्या माशांची वारंवार गणना होणे ही भारतात दुर्मीळ गोष्ट आहे. पुण्याच्या बाबतीत मात्र हा योग जुळून आला. साइक्स ह्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी, १९४२ मध्ये, फ्रेझर ह्यांनी मुंबई निसर्गेतिहास संस्थेच्या नियतकालिकात ‘पुण्याचे मासे’ हा लेख लिहिला. १९४४ मध्ये सूटर ह्यांनी त्यात भर घातली. १९६३ मध्ये तोनापी व मुल्हेरकर ह्यांनी नवी यादी प्रसिद्ध केली. त्यानंतर विसाव्या शतकाच्या अखेरीस व एकविसाव्या शतकाच्या आरंभी खरात, दहाणूकर, राऊत, वाघ, घाटे प्रभृतींनी मुळा-मुठेच्या माशांची पुन्हा पाहणी करून जुन्या याद्यांशी तुलना केली. ही तुलना २००१ व २००३ मध्ये प्रसिद्ध झाली.

प्रत्येक यादी तयार करणाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ नोंद होती. परंतु ह्या याद्या एकापुढे एक ठेवल्या असता त्यांतून एक निराळाच दस्तऐवज तयार होतो. साइक्स ह्यांच्या व फ्रेझर ह्यांच्या यादीत असलेले काही मासे नंतरच्या पाहणीत सापडत नाहीत. त्याचबरोबर पूर्वी कधी न आढळलेली नावे यादीत दिसू लागतात. गंगेच्या खोऱ्यातून आणलेले कटला, रोहू व मृगल, डासांच्या निर्मूलनासाठी सोडलेला गांबुसिया, १९५२ मध्ये भारतात आलेला तिलापिया आणि बाहेरून आणलेला सायप्रिनस ही ती नावे होत. केवळ जातींची एकूण संख्या मोजली तर नदीची हानी लक्षात येणार नाही, कारण गेलेल्यांची जागा आलेल्यांनी भरून निघते. नावे वाचली तरच नुकसान दिसते.

ह्या बदलाची कारणे शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. खडकवासल्याचे धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. विसाव्या शतकात लोणावळा, मुळशी, पानशेत, कोयना येथे धरणे होऊन सह्याद्रीच्या माथ्यावरील अनेक प्रवाहांचे जलाशय बनले. जलाशयात माशांचे उत्पादन वाढू शकते. परंतु प्रवाहातील मासा जलाशयात जगेलच असे नाही. पावसाळ्यात उगमाकडे चढून वाळूखड्यांच्या उथळ पात्रात अंडी घालणाऱ्या जातींचा मार्ग बांधामुळे अडतो. खालच्या अंगास शहराचे सांडपाणी नदीत येते. परिणामी, साइक्स ह्यांनी ज्या मुळा-मुठेच्या पात्रातून खुद्री माशाचे वर्णन केले त्याच पात्रात, शहरापुरते बोलायचे तर, त्या माशास राहण्याजोगे पाणी उरलेले नाही. शास्त्रात तो मासा आजही पुण्याचाच आहे, नदीत नाही.

खुद्री आणि मुसुल्ला : दोन नावांचा इतिहास

नाव आणि स्थान ह्यांच्या महत्त्वाचा सर्वांत बोलका पुरावा साइक्स ह्यांच्याच दोन माशांच्या इतिहासात मिळतो. खुद्री म्हणजे दख्खनचा महसीर. मोठे खवले व बळकट शरीर असलेला हा मासा गळाने मासेमारी करणाऱ्यांच्या विशेष आवडीचा. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्याची संख्या घटल्याचे जाणवू लागले. तेव्हा टाटा विद्युत कंपनीच्या लोणावळ्याजवळील वळवण जलाशयाच्या परिसरात त्याच्या कृत्रिम प्रजननाचे कार्य सुरू झाले. मत्स्यशास्त्रज्ञ चिं. वि. कुलकर्णी ह्यांनी १९७० च्या सुमारास ह्या माशाच्या विणीचा व अंड्यांच्या वाढीचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे कार्य भारतातील मत्स्यसंवर्धनाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते व ते योग्यच आहे. येथे तयार झालेले मत्स्यबीज महाराष्ट्राबाहेरील नद्यांतही पाठविण्यात आले. त्यांत कावेरी ही एक नदी होती.

कावेरीचा उगम सह्याद्रीतच असला तरी तिचा महसीर निराळा आहे. पाठीवर उंचवटा असलेला हा प्रचंड मासा गळाच्या शिकारीसाठी एकोणिसाव्या शतकापासून जगभर विख्यात होता. परंतु त्यास स्वतंत्र शास्त्रीय नाव नव्हते. होरा ह्यांनी १९४० च्या दशकात साइक्स ह्यांच्या ‘मुसुल्ला’ ह्या नावाशी त्याचा संबंध जोडला आणि पुढे अनेक ग्रंथांत तेच रूढ झाले. वास्तविक मुसुल्ला हा कृष्णा-भीमेच्या खोऱ्यातील, महसीरहून भिन्न प्रजातीचा मासा आहे, असे २०१३ नंतरच्या चिकित्सेत प्रतिपादन करण्यात आले. ह्याचा अर्थ असा की, अर्धशतकाहून अधिक काळ कावेरीचा मासा दुसऱ्याच नदीतील दुसऱ्याच माशाच्या नावाखाली वावरत होता.

हा घोटाळा केवळ ग्रंथातला राहिला असता तर त्याची चर्चा तज्ज्ञांपुरतीच उरली असती. परंतु ज्या माशास स्वतःचे नाव नाही त्यास धोक्यात आलेल्या जातींच्या यादीतही जागा मिळत नाही. कावेरीच्या काठच्या शिकार-तळांवर १९९८ ते २०१२ ह्या काळात ठेवलेल्या नोंदींचे विश्लेषण पिंडर, राघवन व ब्रिटन ह्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. बाहेरून आणून सोडलेल्या निळसर परांच्या महसीरची संख्या वाढत गेली आणि उंचवट्याच्या पाठीच्या महसीरची लहान पिले दिसेनाशी झाली, असे त्यातून निष्पन्न झाले. अखेर २०१८ मध्ये कावेरीचा मासा आणि २०११ मध्ये पांबार नदीतून वर्णिलेली ‘टॉर रेमादेवी’ ही जात एकच असल्याचे दाखविण्यात आले. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघाने तिची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत केली. नाव मिळाले तेव्हा मासा नाहीसा होण्याच्या काठावर उभा होता.

ह्याच सुमारास दख्खनच्या खुद्रीस मात्र संकटग्रस्त जातींच्या वर्गातून वगळून चिंतेचे कारण कमी असलेल्या वर्गात घालण्यात आले. संवर्धनाच्या दृष्टीने ही आनंदाची वार्ता होय. परंतु एका खोऱ्यातील जातीच्या रक्षणासाठी निर्माण केलेले साधन दुसऱ्या खोऱ्यातील जातीच्या ऱ्हासास हातभार लावते, ही गोष्ट तिच्यासोबतच वाचावी लागते. येथे दोष प्रजननाच्या तंत्राचा नव्हता. ‘महसीर तो महसीर’ ह्या समजुतीचा होता. नदीचे नाव गळले आणि सत्कार्य विपरीत झाले.

देवाचे डोह

शासकीय व शास्त्रीय प्रयत्नांच्या कितीतरी आधीपासून सह्याद्रीत माशांचे रक्षण होत आले आहे ते देवस्थानांच्या आश्रयाने. महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंड येथे देवीच्या डोहातील मासे पकडले जात नाहीत. भाविक त्यांना खाद्य घालतात. वाडा तालुक्यात वैतरणेच्या पात्रातील तिळसेश्वराच्या मंदिराजवळही हीच प्रथा आहे. दोन्ही ठिकाणी महसीर आढळतात. ज्याप्रमाणे देवराईत कुऱ्हाड चालत नाही त्याप्रमाणे देवाच्या डोहात जाळे पडत नाही.

ह्या परंपरेचे गुण व मर्यादा दोन्ही ध्यानात घेणे आवश्यक आहे. तिचा गुण असा की, तिच्यात माशाचे स्थान आपोआप राखले जाते. तेथील मासा तेथेच राहतो; तो अन्यत्र नेऊन सोडावा, ही कल्पनाच त्या श्रद्धेत बसत नाही. मर्यादा अशी की, देवतेची सत्ता डोहापुरती असते. उन्हाळ्यात डोहात राहणारा मासा पावसाळ्यात प्रवाहाने वर चढतो, आणि तेथे त्यास कोणत्याही श्रद्धेचे कवच नसते. वरच्या अंगास बांध घातला, किंवा खालच्या अंगास दूषित पाणी सोडले, तर डोहाचे पावित्र्य माशास वाचवू शकत नाही.

परंपरा आणि शास्त्र ह्यांचा मेळ कसा बसू शकतो, ह्याचे एक उदाहरण अलीकडे आंबोलीस घडले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील ह्या घाटमाथ्यावर हिरण्यकेशी नदीचा उगम असून तेथे मंदिर व कुंड आहे. प्रवीणराज, ठाकरे व बालसुब्रमण्यम् ह्यांनी २०२० मध्ये तेथील एका तळाशी राहणाऱ्या लहान माशाचे नवी जात म्हणून वर्णन केले आणि तिला नदीचेच नाव देऊन ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ असे म्हटले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वये ह्या परिसरातील २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केले. एका लहानशा माशाचे नाव, त्याचे पाणी आणि त्याचे संरक्षण ह्या तिन्ही गोष्टी येथे वर्षभरात एकत्र आल्या. साइक्स ह्यांच्या खुद्रीस जे दोन शतकांत लाभले नाही ते ह्या माशास जन्मनोंदीबरोबरच लाभले, असे म्हणता येईल. अर्थात क्षेत्र लहान आहे, आणि कुंडास पाणी पुरविणारा भोवतालचा डोंगर सुरक्षित राहिला तरच ह्या घोषणेचे सार्थक होईल.

उपसंहार

वरील विवेचनावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही की, सह्याद्रीच्या माशांच्या बाबतीत वर्गीकरणशास्त्र हे संरक्षणाच्या अगोदरचे आणि त्यास अपरिहार्य असे कार्य आहे; नामनिश्चितीतील ढिलाईची किंमत ग्रंथांना नव्हे तर नद्यांना मोजावी लागते. दुसरी ही की, माशांच्या याद्या एकदा करून भागत नाही. पुण्याच्या याद्यांना जे महत्त्व आले ते त्यांच्या पुनरावृत्तीमुळे. गोदावरी, कृष्णा वा कोकणातील बहुतेक नद्यांच्या बाबतीत असे सातत्य आढळत नाही. तिसरी ही की, संवर्धनाचे एकक ‘मासा’ हे नसून ‘त्या नदीतला तो मासा’ हे होय. साइक्स ह्यांना माहिती देणाऱ्या कोळ्यांना हे बहुधा वेगळे सांगावे लागले नसते.

महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र व इतिहास विभागांपुढे ह्यातून एक निश्चित काम उभे राहते. साइक्स ह्यांनी नोंदविलेली प्रत्येक जात त्यांनी सांगितलेल्या ठिकाणी आज आहे किंवा नाही, आणि तेथील मच्छीमार आज तिला काय म्हणतात, ह्याची पाहणी एका पिढीच्या विद्यार्थ्यांच्या आटोक्यातली आहे. जुनी नावे जाणणारी वृद्ध माणसे नदीकाठच्या गावांतून अद्याप भेटतात. नदीतला मासा गेला तरी काही काळ त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहते. नंतर तेही जाते. पहिल्याचा शोध घ्यावयाचा तर दुसरे जाण्यापूर्वीच तो घेतला पाहिजे.